झोपलेला बार

बुधवार, ७ फेब्रुवारी

दादा जाऊन आज चौथा दिवस. काल राख सावडली.

येत्या मंगळवारी घोडनदीच्या काठी दहावा आहे. दादांचा मुलगा पृथ्वीराज म्हणाला, "काका, पुढारी बोलतीलच. पण घरातलं कोणीतरी बोलायला पाहिजे. तुम्ही बोला." मी म्हणालो, मला चार माणसांत उभं राहिलं की घाम फुटतो. त्याने कंपनीत मिळालेली ही कोरी डायरी माझ्यापुढे ठेवली. "मग लिहून काढा आन् बघून वाचा."

म्हणून लिहायला बसलो आहे. सातवी शिकलेला माणूस मी. रोज सकाळी चार ओव्या लिहून काढायची सवय आहे तेवढीच.

माझे थोरले बंधू गेनभाऊ. घरातले, गावातले, सगळे त्यांना दादा म्हणायचे. वय एकसष्ट. चाळीस वर्षं विहिरींत सुरुंगाचे बार उडवले. शिरूर आणि दौंड तालुक्यात त्यांनी फोडलेल्या अडीचशे विहिरी तरी असतील. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि दादा अठराचे. त्यांनी मला वाढवलं, माझं लग्न केलं, आणि गेली बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो.

आज एवढंच.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

भाषणात काय सांगायचं ते आठवेल तसं लिहितो.

दादांनी घरात दिवाळीला फटाका कधी येऊ दिला नाही. "बार पोटासाठी असतो, मजेसाठी नसतो," म्हणायचे. मुलं रुसायची. मग दिवाळीत ते मुलांना घेऊन एखाद्या नव्या विहिरीवर जायचे आणि पाठीला डबा बांधून पोहायला शिकवायचे. गावातली निम्मी पोरंसोरं त्यांच्या डब्यावर तरली आहेत.

कामाला निघताना घरातल्या प्रत्येकाचं तोंड बघून निघायचे. सायलीला, म्हणजे माझ्या मुलीला, झोपेतून उठवायचे. ती चिडून म्हणायची, "दादा, तोंड धुतलं नाही अजून." ते म्हणायचे, "मग तसंच दाव."

विहिरीला पाणी लागलं की मालक त्यांना नारळ द्यायचा. दादा तो तिथेच फोडून दगड भरणाऱ्या बायकांना वाटायचे. घरी नारळ आल्याचं मला आठवत नाही.

आता त्यांची कामाची रीत. दादांना आकड्यांचा भरवसा नव्हता. एक बार ठासून भरला की एक खडा कोपरीच्या खिशात. बार एकामागून एक उडायचे. एक उडाला की एक खडा बाहेर. खिसा रिकामा झाला तरच माणूस विहिरीत उतरायचा. खडा उरला, तर एक बार उडाला नाही असा हिशेब. त्याला ते झोपलेला बार म्हणायचे. "झोपलेल्याजवळ वरडायचं न्हाई, पळायचं न्हाई, आन् त्याला हात लावायचा न्हाई. चोरपावलांनी वर यायचं आन् नवनाथला बोलवायचं." नवनाथ म्हणजे शिरूरचा, ज्याच्या लायसनवर दादा काम करायचे. चाळीस वर्षांत असे सहा-सात प्रसंग आले. कोणाच्या नखाला इजा झाली नाही.

माझं काम शिट्टी वाजवून लोकांना लांब घालवायचं. मग आम्ही दोघे झाडाआड बसायचो. मी भित्रा माणूस आहे. हे भाषणात सांगणार नाही, इथे लिहायला हरकत नाही. बावीस वर्षांत एकही बार माझं अंग न हलता गेला नाही. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत बसायचो आणि प्रत्येक धडाक्याला वीतभर उडायचो. डोळे उघडले की दादा माझ्याकडेच बघत असायचे. मग खडा टाकायचे. आधी असं नव्हतं, ते विहिरीकडे बघायचे. ही दोन-अडीच वर्षांतली त्यांची नवी खोड. मला वाटायचं, माझी गंमत बघतात. एकदा मी चिडून म्हणालो, "काय बघता, दादा?" ते म्हणाले, "बघू दे रं. तुझ्यासारखं दचकणारं माणूस जिल्ह्यात न्हाई."

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आज भाषणाचं नाही, दुसरंच लिहितो आहे.

दुपारी वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्येंची कापडं बघा. कुणाला द्यायची ती द्या." खुंटीवर त्यांची शनिवारची कोपरी होती, धुळीची, तशीच. खिसा चाचपला. आत खडा होता. एकच.

शनिवार, तीन तारीख. भीमेपलीकडे, दौंड तालुक्यात, बापूसाहेबांच्या विहिरीवर त्यांनी बार उडवले. त्या दिवशी मी बरोबर नव्हतो. दौंडला बँकेत काम होतं. दादा एकटे गेले, संध्याकाळी आले, आणि रविवारी पहाटे छातीत कळ येऊन गेले.

खडा तळहातावर घेऊन बसलो. नंतर मनाची समजूत घातली. विहिरीवर बसणाऱ्या माणसाच्या खिशात खडा नसेल तर काय असेल? आणि खरंच बार राहिला असता तर दादांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. ते लपवणारे नव्हते.

संध्याकाळी त्या विहिरीवरचा मुकादम हरिबा आणि त्याची बायको अनसाबाई भेटायला आले. धनगरवाड्यावरचं जोडपं, दादांच्या जीवाभावाचं. त्यांची आठ माणसं दगड काढायचं काम करतात. अनसाबाई वहिनींच्या गळ्यात पडून रडली. हरिबा माझ्याजवळ बसला.

"काम बंदच हाय का?" मी विचारलं.

"बंदच हुतं. दादांचं सुतक आम्हीबी पाळलं. पर बापूसाहेब लई घाई करत्यात. ऊस वाळाय लागलाय म्हणत्यात. ऐतवारी उतरतो."

मी मान हलवली. खडा माझ्या खिशात होता.

शनिवार, १० फेब्रुवारी

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी देवापुढे बसलो तर नाव आठवेना, आठ माणसं आठवायची.

शिरूरला नवनाथकडे गेलो. त्याला खडा दाखवला. त्याने तो बोटांत फिरवून बघितला.

"मारुतराव, हा काय हाय?"

"खडा."

"मग झालं की. खडा म्हंजी खडा. गेनदादांचा बार राहिला आन् त्यांनी सांगितलं न्हाई, असं तुम्ही म्हणताय का?"

"मी तसं म्हणत नाही."

"लोक म्हणतील. माणूस जाऊन आठ दिस न्हाई झालं, आन् सख्खा भाऊच शंका काढतो. माझं लायसन तर जाईलच, ते ऱ्हाऊ द्या. पर त्या माणसाचं नाव चाळीस वर्सांचं हाय."

त्याचं म्हणणं मला पटलं. खरं तर पटवून घ्यायचंच होतं. येताना एस.टी.त खिडकीशी बसलो, जरा हलकं वाटलं. पण घोडनदीच्या पुलावर गाडीचं चाक खड्ड्यात आदळलं आणि मी असा उडालो की शेजारच्या बाईने विचारलं, "बरं न्हाई का?"

घरी येऊन हरिबाला फोन लावला. अनसाबाईने उचलला. सांगायचं ठरवूनच लावला होता. "दहाव्याला सकाळी लवकर या," एवढंच बोललो. ती म्हणाली, "येतो की, सांगाय कशाला पायजे?" आणि फोन ठेवला.

का सांगितलं नाही? दादांच्या नावासाठी, असं मी स्वतःला सांगतो आहे. पण सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, "तुम्ही कुठं हुता?" हेही आहे.

बँकेत काम नव्हतं. लिहून टाकतो. त्या शुक्रवारी रात्री मला वाईट स्वप्न पडलं. बार उडाला आणि झाडाआड दादा नव्हते, असं काहीतरी. सकाळी पाय उचलेना. बँकेचं नाव सांगून निघालो, दौंडला उतरलो आणि नदीकाठच्या देवळात दिवसभर बसून राहिलो. स्वप्न त्यांच्याबद्दल होतं आणि मी स्वतःला वाचवायला गेलो. एकोणपन्नास वर्षांचा माणूस.

रविवार, ११ फेब्रुवारी

संध्याकाळ झाली आहे. आंघोळ करून बसलो आहे. क्रमाने लिहितो.

सकाळी चहा घेताना वहिनी भिंतीकडे बघून म्हणाल्या, "टीव्हीचा आवाज किती बारीक वाटतोय आता. त्यांच्यापायी केवढा मोठा करावा लागायचा."

मी म्हणालो, "दादांना मोठा आवाज आवडायचा."

"आवडायचा कुठला? ऐकूच यायचं न्हाई. दोन वर्सं झाली, डावा कान तर पार गेला हुता. मला शपथ घातली हुती, कुणाला सांगू नको म्हणून. मी म्हणायची, आवं, बाराचं काम, ऐकू येत न्हाई तर सोडा. तर म्हणायचे, मारत्या हाय तवर मला कानाची गरज न्हाई, त्याच्याकडं बघितलं की झालं."

मी बशी खाली ठेवली. आता आठवतं. फोन वाजला की माझ्याकडे द्यायचे, "तूच बोल, मला त्या डबड्याचा कंटाळा," म्हणायचे. बाजारात मागून हाक मारली तर वळायचे नाहीत, आणि मी म्हणायचो, दादा विचारात आहेत.

"शनिवारी आल्यावर काही बोलले का?" मी विचारलं.

"जेवले न्हाईत. कोपरी अडकवली आन् बसून राहिले. म्हणाले, मारत्या येऊ दे, उद्या त्याला घेऊन परत जाऊन येतो. हरिबाला सांगून आलोय, मी येईस्तवर उतरू नको."

मी त्या रात्री नवाला घरी आलो होतो. दादा झोपले होते.

म्हणजे त्यांनी लपवलं नव्हतं. शेवटचा उडाला की नाही हे त्यांना कळलं नाही, खडा हातात राहिला, आणि ते माझी वाट बघत होते. एवढं मला समजलं. पण मी असतो तर काय झालं असतं ते समजत नाही. मी तर डोळे मिटून बसायचो. एकही बार मी कधी मोजलेला नाही. माझा त्यांना काय उपयोग होता?

तेव्हा हा विचार करायला वेळ नव्हता. घड्याळात नऊ वाजून गेले होते आणि वार रविवार होता.

हरिबाचा फोन वाजत राहिला. बापूसाहेबांचा बंद. पृथ्वीराजची मोटरसायकल काढली. भीमेचा पूल कधी ओलांडला ते आठवत नाही. वाटेत उसाच्या गाड्या आडव्या होत्या. प्रत्येक गाडीमागे थांबलो की कान पुढे लागायचे. आवाज येतो का, याची मी वाट बघत होतो.

विहिरीवर पोहोचलो तर दगड वर ओढणाऱ्या यारीचं इंजिन चालू होतं आणि टोपलं भरून वर येत होतं. काठावर गेलो. चाळीस फूट खाली सहा बायका दगड भरत होत्या. हरिबा आणि आणखी एक जण एका मोठ्या धोंड्याखाली पहार घालून जोर लावत होते. इंजिनवाल्याला मी हाताने बंद कर म्हणालो. त्याने बंद केलं. सगळे वर बघायला लागले.

"काय मारुतराव," हरिबा खालून म्हणाला, "जेवाण घेऊन आला का काय?" बायका हसल्या.

मला ओरडायचं होतं. पण दादांचं म्हणणं डोक्यात होतं, झोपलेल्याजवळ ओरडायचं नाही. मी शिडी धरली. बार उडाल्यानंतर खिसा रिकामा झाल्याशिवाय मी आजवर कधी विहिरीत पाय घातलेला नाही. एकेक पायरी मोजत उतरलो. तळाशी गेलो आणि हरिबाच्या हातातल्या पहारीवर हात ठेवला.

"हरिबा, पहार हळूच सोड. आपटू नको. एक बार ऱ्हायलाय."

त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. त्याने पहार तान्ह्या लेकराला ठेवावं तशी खाली ठेवली.

"दादा नुसतं म्हणाले हुते, मी येईस्तवर उतरू नको; का ते सांगितलं न्हाई. कुठं हाय?"

"ते मला माहीत नाही."

मग अनसाबाई हळू आवाजात म्हणाली, "त्या कडंच्या मांजऱ्या खडकातनं दोरीवाणी काय तरी लोंबतंय. मला वाटलं मुळी हाय." तिने बोट केलं. धोंड्यापासून दोन हातांवर, खडकातल्या भोकातून वातीचं टोक बाहेर आलेलं होतं, आणि त्याला भाकरीचं गाठोडं अडकवलेलं होतं.

एक पोरसवदा बाई रडायला लागली, तिला अनसाबाईने दंडाला धरून शिडीकडे नेलं. एकेक जण वर गेला. हरिबा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं." मी म्हणालो, "तू हो." तो गेल्यावर मी एकटाच खाली राहिलो. गाठोडं तिथेच लोंबत होतं. त्या भोकावर दादांचा हात शेवटचा फिरला होता, एवढं मनात आलं. मग कसाबसा वर आलो.

नवनाथला फोन केला. तो तासाभरात आला. माझ्या तोंडाकडे न बघता त्याने सगळ्यांना लांब घालवलं, आपली माणसं खाली उतरवली, आणि चारच्या सुमाराला त्याचा धडाका झाला. बापूसाहेब तोवर पुण्याहून आले होते. ते म्हणाले, "गेनबाच्या हातनं असं? आठ माणसं गेली असती माझ्या विहिरीत." मी मान खाली घातली. त्यांचं चुकीचं नव्हतं.

निघताना नवनाथ जवळ आला. "मी काल तसं बोलायला नको हुतं," म्हणाला. मग "दहाव्याला ह्यातलं काय बोलू नका. झालं ते मिटलं."

सोमवार, १२ फेब्रुवारी

लिहिलेलं भाषण वाचलं. डबा बांधून पोहणं, नारळ, फटाके. चांगलं आहे. खोटं काहीच नाही.

बापूसाहेबांचं बोलणं गावात पोहोचलं आहे. पिठाच्या गिरणीवर दोघे बोलत होते, मी दिसल्यावर गप्प झाले. पृथ्वीराज कामावरून आला तो लाल डोळ्यांनी. "काका, लोक म्हणतात दादांनी दारू पिऊन बार भरले. दादांनी."

दादा माळकरी होते.

उद्या उभं राहायचं आहे. विहिरीत उतरताना एवढी भीती नव्हती.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

दहावा झाला. नदीकाठी पाच-सहाशे माणूस होतं. पिंडाचं झाल्यावर भाषणं सुरू झाली. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "गेनभाऊंचा एकही बार कधी फुका गेला नाही." मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. पृथ्वीराजने मान खाली घातली.

माझं नाव पुकारलं. डायरी बरोबर होती, पण उघडली नाही. जे बोललो ते आठवतं तसं लिहितो.

"एक बार राहिला होता. दादांना दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. ते त्यांनी माझ्यापासून लपवलं, कारण मला कळलं असतं तर मी भीतीने काम सोडलं असतं. त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर असायला हवं होतं. मी बँकेत जातो म्हणून खोटं सांगितलं आणि दौंडला देवळात जाऊन बसलो. मी घाबरलो होतो. बार राहिला असेल अशी शंका त्यांना आली होती, त्यांनी हरिबाला उतरू नको म्हणून सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन परत जाणार होते. पहाटे ते गेले. त्यानंतर मला खडा सापडला, तरी दोन दिवस मी गप्प बसलो. दादांनी दारू कधी शिवली नाही. चूक काढायची असेल तर माझी काढा."

माईक परत कसा दिला ते आठवत नाही. हरिबा उठला, लोकांतून वाट काढत आला आणि माझ्याशेजारी सतरंजीवर बसला. बापूसाहेब जाताना वहिनींपुढे थांबले, हात जोडले आणि गेले. बाकीचे काय म्हणतात ते कळेलच.

घरी आल्यावर मी वहिनींपुढे जायला धजत नव्हतो. पाव्हणे गेल्यावर त्यांनी जेवायला हाक मारली. ताटावर बसलो, पण घास उचलेना.

म्हणालो, "वहिनी, मी खोटं बोलून गेलो नसतो तर..."

"मला ठाऊक हुतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बँकेत निघालात आन् पासबुक भिंतीतल्या दिवळीतच. मी तुम्हांला हाक मारायला दारात आले, तर त्येंनी माझा हात धरला. म्हणाले, नको बोलवू. भ्यालाय तो. बावीस वर्सं रोज भीत भीत येतोय माझ्यापायी, एक दिस ऱ्हाऊ दे त्याला घरी-दारी. आज माझं मी बघतो."

त्यांनी माझ्या ताटात भात वाढला, त्यावर आमटी ओतली, आणि मी जेवायला लागेपर्यंत समोर बसून राहिल्या.